अवजार आणि मन

कोणतेंही नवें अवजार गांवांत आलें म्हणजे त्याचा विचार दोन ठिकाणीं होतो. एक विचार कागदावर होतो. त्यांत किंमत, अश्वशक्ति, एकरी खर्च, सुटे भाग व अनुदान यांचा हिशेब असतो. दुसरा विचार मनांत होतो, आणि तो बहुधा कोठेंच लिहिला जात नाहीं. अवजार पाहतांच तें आवडलें कीं नाहीं, हातांत घेतांना संकोच वाटला कीं हुरूप आला, चार माणसांत तें चालवितांना मान वर राहिली कीं खालीं गेली, या गोष्टींसाठीं आमच्या नोंदवहींत रकाना नाहीं. परंतु अवजार वापरांत राहतें कीं वखारींत गंजतें, हें पुष्कळ वेळां या न लिहिलेल्या विचारावरच ठरतें.

आपल्या संस्थेच्या येत्या सर्वसाधारण सभेपुढें पॉवर वीडर, म्हणजे इंजिनावर चालणारें कोळपणीचें यंत्र, सभासदांस भाड्यानें देण्यासाठीं खरेदी करण्याचा प्रश्न येणार आहे. दरपत्रकें मागविलीं आहेत. त्या निमित्तानें या न लिहिलेल्या रकान्याविषयीं चार शब्द सभासद बंधुभगिनींपुढें ठेवावे, असें आम्हांस वाटलें. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, अवजाराविषयींची आवडनिवड ही अडाणीपणा समजून बाजूस सारूं नये. ती एक साक्ष आहे. साक्ष खरी कीं खोटी हें तपासावें लागतें. परंतु साक्षीदाराचें न ऐकतां निकाल देणें हा अन्याय होय, आणि आमच्या हातून तसा अन्याय एकदां झालेला आहे. ती हकीकत पुढें येईल.

लोखंडी नांगराचें विष

इ. स. १७९७ मध्यें अमेरिकेंतील न्यू जर्सी येथील चार्लस न्यूबोल्ड नांवाच्या गृहस्थानें ओतीव लोखंडाच्या नांगराचें पेटंट घेतलें. लांकडी नांगरापेक्षां तो मजबूत होता. तरीहि शेतकऱ्यांनीं तो पतकरला नाहीं. लोखंडानें जमिनीस विष चढतें व तण माजतें, असा समज त्यांच्यांत पसरला. पुढें शंभर वर्षांनंतर, सात समुद्रांच्या अलीकडे, तोच प्रकार आपल्या इकडे घडला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं बेळगांवीं सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला, मग कडबा कापण्याचें यंत्र काढलें आणि १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार केला. तो घेण्यास कोणी पुढें येईना. लोखंडाचा नांगर घातला तर जमीन नासेल, असेंच येथील शेतकरीहि म्हणत. पहिली विक्री होण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं.

न्यू जर्सीचा शेतकरी व बेळगांवचा शेतकरी यांनीं एकमेकांच्या गांवांचीं नांवेंहि ऐकलीं नव्हतीं. धर्म निराळा, भाषा निराळी, पिकें निराळीं. मग भीति एकच कशी? त्याहून नवलाची गोष्ट अशी कीं, जुन्या लांकडी नांगराचा फाळहि लोखंडाचाच असे. पिढ्यान्‌पिढ्या तो जमिनींत फिरत आला होता व त्यानें कोणाची जमीन नासली नव्हती. भीति खरोखर लोखंडाची असती तर ती फाळापासूनच सुरू व्हावयास पाहिजे होती. तेव्हां विष लोखंडांत नव्हतें हें उघड आहे. मग तें होतें कशांत?

आमच्या समजुतीप्रमाणें त्याचें उत्तर असें आहे. लांकडी नांगर शेतकऱ्याच्या ओळखीचा होता. बांधावरची बाभूळ तो स्वतः निवडी. गांवचा सुतार खोड, हाळीस व रुमणें घडवी. लोहार फाळास धार काढून देई. दोघांसहि सुगीला बलुतें मिळे. ऐन नांगरटींत नांगर मोडला तरी तो गांवांतल्या गांवांत दुरुस्त होईल, हा भरंवसा होता. ओतीव नांगर मात्र सर्वस्वीं परका होता. न्यूबोल्डच्या नांगराचें मुख्य अंग एकसंध ओतलेलें असल्यामुळें त्याचा एक भाग तुटला कीं तें सगळेंच वायां जाई. ओतीव लोखंड गांवच्या लोहाराच्या भट्टींत सांधतां येत नसे. शिवाय खोल नांगरटीनें खालची कच्ची माती वर आली तर पहिल्या वर्षीं पीक मार खातें, हा कांहीं जमिनींतला अनुभव आजहि खरा आहे. जड नांगरास बैलहि अधिक लागत. या साऱ्या शंका सभेंत उभें राहून क्रमवार मांडण्याची शेतकऱ्यास संवय नव्हती. त्यानें त्या सगळ्या मिळून ‘विष’ या एकाच शब्दांत सांगितल्या. ऐकणारांनीं शब्द तेवढा धरला, व त्याच्या आंतल्या शंका तशाच राहिल्या.

पुढचा इतिहास या समजुतीस पुष्टि देणाराच आहे. अमेरिकेंत जेथ्रो वुड यानें १८१९ सालीं आपल्या सुधारलेल्या नांगराचें पेटंट घेतलें. त्यांत नांगराचे भाग निरनिराळे ओतलेले होते. जो भाग तुटेल तेवढाच बदलतां येऊं लागला. त्यानंतर ओतीव नांगर तेथें हळूहळू रुळला. इकडे किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांतील कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना वसविला, तीच आजची किर्लोस्करवाडी. १९२० सालीं त्याच ठिकाणाहून ‘किर्लोस्कर खबर’ हें मासिक निघूं लागलें. कारखान्याची बातमी मराठींतून घरोघर जाऊं लागली. कारखाना म्हणजे कोणी दूरचा परका न राहतां पत्र लिहून विचारतां येईल असा आपला माणूस झाला. एका पिढीच्या आंत लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या घरचा झाला, आणि हरळी व कुंदा यांसारखें खोल मुळांचें तण काढणारा म्हणून त्यास मानहि मिळाला. ज्या नांगरानें तण माजतें असें न्यू जर्सींत म्हणत, त्याच जातीच्या नांगरानें येथें तण निघालें. लोखंड तेंच होतें. ओळख पडली तसें त्याचें विष उतरलें.

डोळ्याची पसंती

भीति जशी कांहीं सांगते तशी आवडहि सांगते; मात्र आवडीच्या साक्षींत भेसळ अधिक असते.

आपल्या भागांत कोणी ट्रॅक्टर घेतला असें कळलें म्हणजे पहिला प्रश्न अश्वशक्तीचा नसतो, रंगाचा असतो. लाल कीं हिरवा कीं निळा, एवढ्यावरून ऐकणारा कंपनी ओळखतो व त्या घराविषयीं कांहीं मतहि बनवितो. ही रंगरूपाची विद्या आपोआप उगवलेली नाहीं. १९३८ सालीं अमेरिकेंतील जॉन डीअर कंपनीनें आपले ‘ए’ व ‘बी’ नमुन्यांचे ट्रॅक्टर हेन्री ड्रेफस या रेखनकाराकडून नव्यानें सजवून बाजारांत आणले. पूर्वीं उघडा दिसणारा रेडिएटर व स्टिअरिंगचा दांडा सुबक पत्र्याच्या आवरणाखालीं गेला. आंतलें यंत्र बहुतांशीं तेंच राहिलें. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९३९ सालीं, इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीनें रेमंड लोवी याच्या हातून आपल्या फार्मऑल ट्रॅक्टरांस नवें रूप दिलें. चिखलांत राबणाऱ्या यंत्रास सौंदर्य कशाला, असें म्हणणाराहि दुकानांत उभा राहिला म्हणजे आधीं डोळ्यांनींच पाहतो, हें त्या व्यापाऱ्यांनीं ओळखलें होतें.

डोळ्याची ही पसंती बुद्धीवर किती अंमल चालविते, याचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. १९९५ सालीं जपानमध्यें कुरोसू व काशिमुरा या दोन संशोधकांनीं पैसे काढण्याच्या एटीएम यंत्राच्या बटणांच्या व पडद्याच्या २६ निरनिराळ्या मांडण्या तयार करून २५२ माणसांस दाखविल्या. कोणती मांडणी सुंदर वाटते व कोणती वापरण्यास सोपी वाटते, असें त्यांनीं विचारलें. जी सुंदर वाटली तीच लोकांस सोपीहि वाटली. ती प्रत्यक्षांत सोपी असावी म्हणून केलेल्या योजनेशीं लोकांच्या मताचा संबंध त्यामानानें थोडा होता. १९९७ सालीं नोआम ट्रॅक्टिन्स्की या संशोधकानें हाच प्रयोग इस्रायलमध्यें करून पाहिला. तेथेंहि सौंदर्य व वाटणारा सोपेपणा यांचा संबंध दृढच आढळला.

याचा शेतकऱ्यानें काय बोध घ्यावा? प्रदर्शनाच्या मांडवांत, गालिच्यावर, नव्या रंगाचें यंत्र पाहून ‘हें चालविण्यास सोपें असावें’ असें जें वाटतें, तें यंत्राविषयींचें ज्ञान नसून रंगाविषयींचा आनंद असतो. आनंद खोटा नाहीं, पण त्याच्या भरंवशावर कर्जाच्या कागदावर सही करूं नये. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें महाराष्ट्रांतील वहितीचें सरासरी क्षेत्र अवघें १.३४ हेक्टर भरतें. एवढ्या रानावर दारांत उभा राहणारा मोठा ट्रॅक्टर पुष्कळदां शेताच्या गरजेपेक्षां शेजाऱ्याच्या नजरेसाठीं घेतला जातो, व त्याचे हप्ते मात्र शेतासच फेडावे लागतात.

तथापि यावरून रूपाची आवड सर्वथा टाकाऊ ठरत नाहीं. आपल्याकडे पोळ्याला बैल सजवितात, खंडेनवमीला अवजारें धुऊन त्यांस हळदकुंकू लावतात, आणि अलीकडे ट्रॅक्टरावरहि स्वस्तिक काढून हार घालतात. ज्या वस्तूवर माणसाचा जीव असतो तिचें वंगण चुकत नाहीं, ती पावसांत उघडी पडत नाहीं, तिचा सैल झालेला नट वेळेवर आवळला जातो. नावडत्या अवजारास हें भाग्य लाभत नाहीं. आवड ही अशा रीतीनें अवजाराचें आयुष्य वाढविते, व तेवढ्यापुरती ती हिशेबाच्या कागदावरहि जमेच्या बाजूस धरण्यास हरकत नाहीं.

हात आणि मान

डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन विद्वानानें २००४ सालीं या विषयावर ‘इमोशनल डिझाइन’ नांवाचा ग्रंथ लिहिला. वस्तूविषयींची भावना तीन पायऱ्यांनीं काम करते, असें त्याचें प्रतिपादन आहे. पहिली पायरी पाहतांक्षणींच्या भावनेची. दुसरी प्रत्यक्ष वापरांत येणाऱ्या सुखाची वा त्रासाची. तिसरी त्या वस्तूमुळें आपण स्वतःस काय समजतों व लोक आपणांस काय समजतात याची. आपल्या भाषेंत यांस डोळा, हात व मान म्हटलें तरी चालेल. डोळ्याचा निकाल क्षणांत लागतो, हातास दिवस लागतात, आणि मानेचा निकाल गांवांत लागतो.

हात व मान या दोहोंचें उत्तम उदाहरण म्हणजे जयपूर पाय. पूर्वीं पाय गमावलेल्या माणसास जो परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय मिळे, तो बुटांत घालून खुर्चीवर बसणाऱ्या समाजासाठीं केलेला होता. तो लावून मांडी घालतां येत नसे, उकिडवें बसतां येत नसे, भाताच्या खाचरांत उतरतां येत नसे. आणि देवळांत किंवा स्वयंपाकघरांत जावयाचें तर बूट काढण्याची पंचाईत. परिणामीं पुष्कळांनीं तो पाय मिळवूनहि वापरला नाहीं व कुबडीच बरी मानली. वर वर पाहणारास ती रुग्णांची हट्टी वृत्ति वाटावी. जयपूरचे अस्थिशल्यतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनीं मात्र त्या नाखुषींतलें खरें कारण ओळखलें. रबर व लांकूड वापरून, खऱ्या पायासारखा रंग व बोटें असलेला, बुटावांचून अनवाणी चालतां येईल आणि ओला झाला तरी बिघडणार नाहीं, असा पाय त्यांनीं १९६८ च्या सुमारास सिद्ध केला. १९७५ सालीं जयपुरांत स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीनें तो मोफत देऊन लक्षावधि लोकांपर्यंत पोंचविला. डॉ. सेठी यांस १९८१ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें.

येथें ध्यानांत घेण्यासारखें असें कीं, शेतांत उतरणें ही हाताची, म्हणजे कामाची गरज होती, आणि पंगतींत इतरांबरोबर मांडी घालून बसणें ही मानेची गरज होती. रुग्ण या दोन गरजा वेगळ्या करून सांगत नव्हता. तो एवढेंच म्हणे कीं हा पाय नको. ‘नको’ या शब्दाची फोड करणें हें करणाराचें काम होतें, आणि त्यांनीं तें केलें.

आमच्या वखारींतलीं कोळपीं

आतां आरंभीं कबूल केलेली हकीकत सांगतों.

दोन वर्षांपूर्वीं आपल्या संस्थेनें चाकाचीं सहा हातकोळपीं, ज्यांस बाजारांत सायकल कोळपें म्हणतात, तीं खरेदी केलीं. खुरपणीस येणाऱ्या स्त्रियांची पाठ दिवसभर वांकून मोडते. उभ्यानें ढकलावयाच्या या कोळप्यानें ती वांचेल व कामहि लवकर उरकेल, हा हेतु निःसंशय चांगला होता. खरेदी समितींत पांच सभासद होते व ते पांचहि पुरुष होते. नमुन्याचें कोळपें त्यांनीं स्वतः चालवून पाहिलें व पसंत केलें. पहिल्या दिवशीं स्त्रियांनीं तें शेतांत नेलें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं सहाच्या सहा कोळपीं वखारीच्या भिंतीस परत टेंकून उभीं होतीं. संस्थेची अवजारनोंद आमच्याकडे आहे. महसुली दप्तरांत शेरे लिहिण्यांत हयात गेल्यामुळें आमचा हात आपोआप चालला आणि शेऱ्याच्या रकान्यांत आम्हीं लिहिलें: ‘मजूर स्त्रियांची अनास्था. वापर नाहीं.’ तो हंगाम असाच गेला.

पुढच्या श्रावणांत एका सभासदाच्या सोयाबिनाच्या रानांत आम्ही कांहीं कामास गेलों असतां, त्याच स्त्रियांपैकीं एक वडीलधारी बाई बांधावर भाकरी खात बसल्या होत्या. आम्हीं सहज विचारलें, “मावशी, ते कोळपे तुम्ही परत का दिले? काम हलकं झालं असतं की.”

बाई हंसल्या. “लाज वाटती बघा, भाऊसाहेब.”

एवढ्यावर आम्ही उठलों असतों तर आमचा शेरा कायम झाला असता. पण लाज कसली, असें आम्हीं पुन्हां विचारलें.

“दांडा गड्याच्या मापाचा हाय त्यो. आमच्या छातीशी येतोय. जोर द्यावा तर देता येईना, मग कोळपं वाकडं पळतंय. रोप कापलं की मालक वरडणार, न्हाईतर बांधावर उभा ऱ्हाऊन हसणार. खुरपं हातात असलं की आमाला कोण हसत न्हाई.”

मग थोडा वेळ थांबून, भाकरीचा तुकडा तसाच हातांत धरून, त्या म्हणाल्या, “आन् भाऊसाहेब, सा बायांचं काम दोघींनी उरकलं, तर बाकीच्या चौघींनी घरी बसून खायाचं काय? ते तुमच्या वहीत लिवलंय का?”

तें वहींत लिहिलेलें नव्हतें. कोळप्यानें एकरी किती मजुरी वांचेल, याचा आंकडा मात्र खरेदीच्या ठरावांत स्पष्ट होता, आणि तो मोठा असल्याबद्दल समितीनें समाधानहि नोंदविलें होतें. जी रक्कम ठरावांत बचत म्हणून लिहिली होती ती कोणाची तरी चूल होती, हें आम्हां सहांपैकीं एकाच्याहि ध्यानांत आलें नाहीं. ज्यांच्या पोटावर तें कोळपें चालावयाचें त्यांनींच तें ढकलावें, अशी आमची अपेक्षा होती.

यानंतर दोन गोष्टी केल्या. एक, गांवच्या लोहाराकडून प्रत्येक दांडा वीतभर कापून त्यास वरखालीं करतां येईल अशीं भोकें पाडून बोल्ट बसविले. यास फार खर्च आला नाहीं. दुसरी गोष्ट अधिक कठीण होती. रोजंदारीऐवजीं एकरावर उक्तें काम द्यावें, म्हणजे काम लवकर उरकलें तरी ठरलेली रक्कम सहा जणींच्या टोळींतच वांटली जाईल, असें आम्हीं कांहीं सभासदांस सुचविलें. कोळपें दोन ओळींमधलें तण काढतें. रोपारोपांमधलें तण खुरप्यानेंच काढावें लागतें. तेव्हां टोळींतील कांहींजणी कोळप्यावर व कांहींजणी खुरप्यावर, अशी वांटणीहि त्यांची त्यांनींच बसविली.

सर्व कांहीं सुरळीत झालें, असें सांगणें खरें होणार नाहीं. सहांपैकीं चार कोळपीं गेल्या खरिपांत हंगामभर बाहेर होतीं. दोन अद्याप वखारींतच आहेत. कित्येक सभासदांनीं उक्त्याचा दर मान्य केला नाहीं, आणि त्यांच्या रानांत स्त्रिया अजूनहि कोळप्यास हात लावीत नाहींत. आम्ही त्यांस दोष देत नाहीं. नोंदवहींतील तो जुना शेरा आम्हीं एक रेघ मारून रद्द केला, शेजारीं सही केली, आणि खालीं लिहिलें: ‘दांडा लांब होता. मजुरीची व्यवस्था आधीं ठरविली नाहीं. चूक संस्थेची.’

खरेदीपूर्वीं काय करावें

पॉवर वीडरच्या खरेदीस आमचा विरोध नाहीं. मजूर वेळेवर मिळत नाहींत ही तक्रार खरी आहे, आणि तण मजुराची वाट पाहत थांबत नाहीं. परंतु हातकोळप्याच्या बाबतींत जी चूक थोडक्यांत निभावली, ती या यंत्राच्या बाबतींत महागांत पडेल. म्हणून सभेनें पुढील गोष्टींचा विचार करावा, अशी सूचना आहे.

पहिली गोष्ट, यंत्राची पारख विक्रेत्याच्या अंगणांत न करतां आपल्या रानांत करावी; तीहि पाऊस पडून गेल्यावर, काळ्या जमिनींत चिखल धरत असतांना. विक्रेत्याचा माणूस चालवितो तेव्हां प्रत्येक यंत्र हलकें दिसतें. तो निघून गेल्यावर, जो सभासद किंवा मजूर पुढें तें चालविणार त्याच्याच हातीं तें द्यावें. इंजिन दोरी ओढून सुरू करण्याचें असेल तर ती दोरी घरांतल्या प्रत्येक मोठ्या माणसास ओढतां येते काय, हें पाहावें. तासभर चालविल्यावर मुठींच्या थरथरीनें हातांस मुंग्या येतात काय, हें विचारावें. दांडा वरखालीं होतो काय, हें तर आतां सांगावयासहि नको.

दुसरी गोष्ट, पहिल्या दिवसाच्या मतावर निकाल देऊं नये. पहिल्या दिवशीं डोळा बोलतो. आठ दिवसांनीं तेंच यंत्र त्याच माणसास पुन्हां द्यावें व पुन्हां विचारावें. पहिल्या दिवशीं आवडलेलें आठव्या दिवशीं नावडतें झालें असेल, तर आठव्या दिवसाचें मत धरावें. आणि पहिल्या दिवशीं ज्याची भीति वाटली तें आठव्या दिवशीं हातास बसलें असेल, तर भीति नवेपणाची होती असें समजावें.

तिसरी गोष्ट, कोणी ‘नको’, ‘लाज वाटते’, ‘जमिनीला चांगलें नाहीं’ असें म्हटलें तर तेथेंच न थांबतां पुढचा प्रश्न विचारावा. मोडलें तर कोण दुरुस्त करील? सुटा भाग किती कोसांवर मिळेल? पेट्रोलचा खर्च कोणाच्या खिशांतून? काम कोणाचें जाईल? न्यू जर्सीचें विष आणि आमच्या मावशींची लाज हीं दोन्ही असल्याच प्रश्नांचीं संक्षिप्त रूपें होतीं. कधीं कधीं पुढच्या प्रश्नांतून कांहींच निघणार नाहीं व भीति निराधारच ठरेल. मग ती दाखल्यानें घालवावी, हंसण्यानें घालवूं नये. हंसण्यानें भीति जात नाहीं, ती फक्त बोलावयाची थांबते.

चौथी गोष्ट घेणाराच्या स्वतःच्या मनाविषयीं आहे. यंत्र आवडलें तर स्वतःस एकच प्रश्न विचारावा: हें शेजाऱ्यास कधींच दिसणार नसेल, तरी मी तें घेईन काय? उत्तर होय असेल तर खुशाल घ्यावें. उत्तर अडखळत येत असेल तर तें यंत्र शेतासाठीं नाहीं, वेशीसाठीं आहे; आणि वेशीसाठीं कर्ज काढण्याची ऐपत आपल्यापैकीं फार थोड्यांची आहे.

शेवटची गोष्ट मजुरीची. नव्या यंत्रानें जी बचत होईल तींतला किती भाग यंत्राचा, किती मालकाचा व किती काम करणाराचा, हें खरेदीच्या ठरावांतच लिहावें. तें मागाहून ठरवूं म्हटलें तर काय होतें, हें वखारींतलीं दोन कोळपीं दाखवीत आहेत.

आपल्या संस्थेचे बहुतेक सभासद पुरुष आहेत, कारण सातबारावर नांव पुरुषाचें असतें. कोळपणी व खुरपणी मात्र बहुतेक घरांत स्त्रिया करतात, आणि मजुरीस येतात त्याहि स्त्रियाच. सबब सभासदांस आमची नम्र विनंती आहे कीं, येत्या सभेच्या आदल्या रविवारीं वखारीपुढें यंत्राची चांचणी व्हावयाची आहे, तिला येतांना ज्यांच्या हातून आपल्या रानांतलें तण निघतें त्यांस बरोबर आणावें. मजूर स्त्रियांस त्या दिवसाची मजुरी संस्थेनें द्यावी, असा ठराव आम्ही मांडणार आहों. अवजारनोंदीच्या नव्या वहींत शेऱ्याच्या अलीकडे आम्हीं एक रकाना अधिक आंखून ठेविला आहे. त्याचें नांव ‘वापरणाराचें म्हणणें’ असें आहे, आणि तो भरल्यावांचून शेऱ्याचा रकाना भरावयाचा नाहीं, असा नियम आम्हीं आमच्यापुरता करून घेतला आहे.